चौकटीचं बाकडं

शीळफाटा म्हटलं की आपल्या होस्टेलला एकच गोष्ट आठवते. ट्रॅफिक! कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल, चारी दिशांचे ट्रक तिथे एकमेकांच्या अंगावर येतात आणि "सर, बस फाट्यावर अडकली होती" हे पहिल्या लेक्चरचं कारण तयार होतं. पण रस्त्यावरून जरा आत वळलं की भंगाराची गोदामं लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथल्या एका गाळ्यात सहा आठवडे काम केलं. जुन्या लाकडापासून गिऱ्हाइकाला हवं तसं फर्निचर करून द्यायचं, हा तिथला धंदा. माझं काम गिऱ्हाइकाशी बोलणं, मापं घेणं आणि ड्रॉइंग काढणं.

याला हल्ली अपसायकलिंग म्हणतात. रिसायकलिंगमध्ये वस्तू मोडून, वितळवून तिचा पुन्हा कच्चा माल करतात. इथे लाकूड लाकूडच राहतं, फक्त त्याची किंमत वाढते. कल्पना काही नवी नाही. गेरिट रीटवेल्ड या डच डिझायनरने १९३४ साली पॅकिंगच्या खोक्यांना लागतं तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची केली होती. आमच्याकडे जुनं लाकूड दोन प्रकारचं यायचं. एक, मालाखाली येणारी पाईनची पॅलेट्स. दुसरं, पाडलेल्या घरांतलं सागवान.

पॅलेटवर आधी शिक्का शोधायचा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं आणि शेजारी एचटी किंवा एमबी लिहिलेलं असतं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबीवालं लाकूड आम्ही घरातल्या वस्तूंना घ्यायचो नाही, कितीही छान दिसलं तरी.

हे सगळं आठवड्याभरात कळलं. गिऱ्हाईक कळायला जास्त वेळ लागला.

डोंबिवलीचे एक काका-काकू आले. त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. टेम्पोत जुन्या घराचं मुख्य दार आणि त्याची चौकट, अस्सल सागवान. नव्या फ्लॅटच्या दाराशी बसून बूट घालायला बाकडं हवं होतं. काकूंनी मोबाईलवर फोटो दाखवला, अगदी बुटकं, जपानी वाटावं असं. मी लगेच वहीत उंची लिहिली, १४ इंच.

आमचे मिस्त्री संगमेश्वरकडचे, बोलतात कमी. त्यांनी काकांना फळ्यांच्या थप्पीवर बसवलं. "आता हात न टेकता उठा बघू." काकांना जमेना, गुडघे दुखतात. एकेक फळी वाढवत गेले. १९ इंचांवर काका सहज उठले. "हे घ्या माप," मिस्त्री म्हणाले. मी १४ खोडून १९ केलं. फोटो विसरूनच गेले सगळे.

मग पॉलिश. जुनी फळी धूळ खाऊन काळी पडलेली, तिच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. अशा वेळी थोडा भाग रंध्याने काढायचा आणि त्यावर ओलं फडकं फिरवायचं. पॉलिशनंतर साधारण कसा रंग येईल ते तिथेच दिसतं. काकू खूश झाल्या. "सगळं असंच गुळगुळीत कर हं."

इथे माझं एसओएम कामाला आलं (केटी लागता लागता राहिलेलं, हसू नका). फळी एक इंच जाडीची, म्हणजे सुतारी मापात आठ सूत. दोन्ही बाजूंनी रंधून सहा सूत उरली तर वाटतं, पाव भागच तर गेला. पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो. सहा अष्टमांशाचा घन ०.४२. म्हणजे तेवढ्याच वजनाला फळी जवळजवळ २.४ पट वाकणार! म्हणून फक्त वरची बाजू रंधली, खालची तशीच ठेवली, आणि मधे एक आडवी पट्टी दिली. दोन फळ्यांत दोन सुतांची फट सोडली, कारण पावसाळ्यात लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं. मिस्त्रींना घन-बिन माहीत नव्हता. पट्टी मात्र त्यांनी माझ्या आधीच कापून ठेवली होती.

(त्यांच्याकडूनच गुण्या शिकले. पहिल्या दिवशी "गुण्या दे" म्हणाले तेव्हा मी कॉन्व्हेंटवाली गुण्या नावाचा मुलगा शोधत होते. तो काटकोन तपासायचा असतो.)

आता माझी चूक. पहिल्याच दिवशी जाताना काकू म्हणाल्या होत्या, "तोरणाचं तेवढं बघ हं." मला वाटलं, नव्या घराला तोरण बांधायचं असेल. मी हो म्हटलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीत तोरणाच्या दोन लोखंडी कड्या होत्या. रंधा मारण्याआधी लाकडातलं सगळं लोखंड काढावंच लागतं, एक खिळा राहिला तर मशीनचं पातं जातं. कड्या निघाल्या, भोकं भुसा-फेविकॉलने बुजली, आणि ती पट्टी बाकड्याच्या पुढच्या बाजूला लागली.

काकू बघायला आल्या, पट्टीवरून हात फिरवला आणि गप्प झाल्या. लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला त्यांनीच त्या कड्यांत तोरण अडकवलेलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आणि मिस्त्रींनी खिळ्यांचे दोन डबे जमिनीवर ओतले. दोन तासांनी एक कडी मिळाली, दुसरी नाहीच. बाजारातून तशी आणते म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको गं, एकच लाव. दुसरीचं भोक उघडं कर नि राहू दे." तसंच केलं.

बिलाच्या वेळी काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "लाकूड आमचंच, मग एवढे पैसे कसले?" नुसते खिळे काढण्यातच दीड दिवस गेला होता. नवीन फळी सरळ मशीनवर चढते, जुनीचा प्रत्येक इंच तपासावा लागतो. म्हणजे जुन्या लाकडात पैसे लाकडाचे नसतात, हाताचे असतात. हे मी कागदावर दिवसांचा हिशेब मांडून दाखवलं, तेव्हा त्यांना पटलं. कडीचं ऐकून शेठनी पॉलिशचे पैसे सोडले, आणि ते माझ्या पगारातून कापले नाहीत.

बाकडं लिफ्टमधून आडवं जाईल का, हे मात्र कोणीच मोजलं नव्हतं. उभं करून गेलं.