पाळकाचा मुशाहिरा

शनिशिंगणापुरास जावयाचे तर नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगावास वळावे लागते. न वळता तसेच पुढे गेल्यास थोड्याच अंतरावर वडाळा बहिरोबा हे गाव लागते. शनिवारी-अमावास्येस पहिल्या वाटेने लोटणाऱ्या गर्दीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल की, नेवासे तालुक्यातील या दुसऱ्या गावी अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात आपले ठाणे मांडले होते. देवाच्या दारचा कारभार कोणाच्या अखत्यारीत असावा, हा वाद शिंगणापुरास 2016 मध्ये स्त्रियांच्या चौथराप्रवेशाच्या निमित्ताने, आणि 2018 मध्ये विधिमंडळाने देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा केला तेव्हा पुन्हा, उघड्यावर आला. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र तो निराळ्या वेषाने त्यापूर्वी दीडशे वर्षे नांदत आलेला आहे. आणि माझ्या मते त्याचे मूळ सिद्धान्तात नसून मुशाहिऱ्यात, म्हणजे पाळकाचा पगार कोण देतो यात, आहे.

मिशनचे लोक 1831 मध्ये नगरास आले आणि 1842 मध्ये तेथेच त्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. वडाळ्यास दीर्घकाळ राहिलेले सॅम्युएल फेअरबँक हे मोठे गमतीचे गृहस्थ असले पाहिजेत. उपदेशाच्या जोडीला पाखरे आणि शंखशिंपले यांचा त्यांचा व्यासंग इतका पक्का होता की, दक्षिणेतील पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आजही वावरते. परंतु अशा साहेबांच्या भोवती जी मंडळी जमली ती बहुतांशी महार व मांग समाजांतील, गावच्या वतनावर आणि बलुत्यावर पोट भरणारी होती. त्यांच्यात शाळा चालविणारा मास्तर, रविवारी उपासना घेणारा उपदेशक आणि कचेरीतल्या कामात गावकऱ्यांचा अर्ज लिहून देणारा जाणता ही तिन्ही माणसे पुष्कळदा एकच असत, आणि त्याचा दरमहा पगार मिशनच्या दप्तरातून येई. गावाने त्याला मान द्यावा, मंडळीने त्याचे ऐकावे, पण त्याने जबाब द्यावा तो साहेबाला, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

तिच्यातील धोका प्रथम ओळखला तो खुद्द बोस्टनच्या लोकांनी, हे कबूल केले पाहिजे. मिशनच्या बोस्टन येथील वरिष्ठ मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 च्या सुमारास हिंदुस्थानात पाहणीस आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा आणि आपला प्रसार आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच एतद्देशीय पाळकांना दीक्षा द्यावी, पण त्यांचा पगार गावच्या मंडळीला झेपेल एवढाच असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. नगरास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच काळात. तत्त्व निर्दोष होते. पण ज्या मंडळीच्या घरी सुगी संपल्यावर ज्वारीची कणगी रिती होई, तिने पाळक कोठून पोसावा? शिवाय साहेबाचा पगार बोस्टनच्या मानाने आणि पाळकाचा नेवाशाच्या मानाने ठरावा, यातील विषमता कोणाच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहिली नसेल.

ईश्वरविद्येचाही एक मोठा वाद याच जिल्ह्याशी निगडित आहे. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम 1874 मध्ये नगरास आले आणि पुढे त्यांनी तेथे पाळक घडविणारे विद्यालय काढले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मरणोत्तर तरी संधी मिळेल की नाही, या प्रश्नावर त्या काळी अमेरिकेत अँडोव्हरच्या धर्मविद्यालयाभोवती रण माजले होते. रजेवर गेलेल्या ह्यूमसाहेबांनी 1886 मध्ये तेथे उदार पक्षाला अनुकूल असे उद्गार काढताच त्यांना परत हिंदुस्थानात पाठवावे की नाही, याचाच खल सुरू झाला. अखेर 1887 मध्ये ते परतले. बोस्टनच्या पंडितांना हा तर्काचा विषय वाटला असेल. परंतु बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या माणसाला, माझ्या मेलेल्या आईबापांचे काय, असे विचारावेसे वाटणारच, आणि त्याला देण्याजोगे उत्तर उपदेशकापाशी असलेच पाहिजे. असा श्रोता समोर असणाऱ्याला कठोर मत परवडत नाही.

मुशाहिऱ्याचा प्रश्न मुळापासून उचलला तो नारायण वामन टिळकांनी. मुंबईस 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेऊन नगरास आलेले, पुढे राहुरीस राहिलेले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगणारे टिळक मिशनच्या सेवेत वीस वर्षांहून अधिक काळ होते. 1917 मध्ये त्यांनी ती सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत, अशी त्यांची योजना होती. 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. संस्था चालविण्याचा पिंडच त्यांचा नव्हता, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तर त्यांचा घरखर्चाचा हिशेबही कसा चाले हे सांगावयास नको. तरीही पगार टाकल्याखेरीज मोकळेपणाने बोलता येत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. अँडरसनने ते केवळ लिहिले होते.

ही झाली प्रॉटेस्टंट मंडळ्यांची कथा; कॅथलिकांची घडी वेगळी. तेथे धर्मगुरूंचा अधिकार वरून खाली येतो. पण श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची सप्टेंबरातली मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा पाहावी, म्हणजे नवस बोलणाऱ्या, पायी येणाऱ्या आणि बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांनाही बरोबर आणणाऱ्या बायाबापड्या श्रद्धेचे वळण कसे आपणच ठरवितात, ते कळते.

प्रॉटेस्टंटांकडे पुढे एकीकरणे झाली. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन पंथांची संयुक्त मंडळी स्थापन झाली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास सहा पंथ मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आजचे सी.एन.आय., अस्तित्वात आले. अमेरिकन मिशनच्या ज्या काँग्रिगेशनल परंपरेत गावची मंडळी आपल्या पंचांकरवी आपला कारभार पाही, तिने या वेळी बिशपचा अधिकार मान्य केला. एका गावच्या हट्टी पंचांपुढे पाळक हतबल होत असे, त्याला त्यामुळे पाठबळ मिळाले, ही जमेची बाजू. पण पाळकाची बदली धर्मप्रांताच्या कचेरीतून होऊ लागली की तो पुन्हा गावापेक्षा कचेरीकडे पाहू लागतो, आणि मंडळीही आपली वर्गणी म्हणजे जणू वर भरावयाचा फाळा आहे असे समजू लागते. मिळकतींवरून वाद उभे राहतात तेव्हा त्यांच्या तळाशी हीच समजूत असते.

आज नेवासे तालुक्यात कालव्याचे पाणी आणि उसाची शेती आहे, तरुण मुले पुण्यास नोकरीला आहेत, आणि स्वतंत्र प्रार्थनागृहे चालविणारे नवे उपदेशक देणगीदारांच्या बळावर उभे राहत आहेत. जुन्या मंडळीतील वृद्ध पंच त्यांना नावे ठेवतात. पण या नव्या उपदेशकांच्या सभेत बसणारा माणूस दानपात्रात आपल्या हाताने पैसे टाकतो आणि ते कोणाकडे जातात हे त्याला समोर दिसते. उलट मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेबाचा कागद वाचला जातो तेव्हा धर्मप्रांताला किती गेले आणि गावात किती राहिले, हा प्रश्न प्रथम विचारतात त्या बहुधा स्त्रियाच. कारण रविवारची वर्गणी घरखर्चातून बाजूला काढून ठेवणाऱ्या त्याच असतात.