काट्यांची कैफियत

टाकीत पेट्रोल किती उरले, इंजिन कितपत तापले आणि तेलाचा दाब टिकून आहे की नाही, या तीनही गोष्टी चालकाला प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. डॅशबोर्डवरील काटा जे सांगेल तेच प्रमाण मानून त्याला मार्ग आक्रमावा लागतो. म्हणूनच जुन्या गाडीचा काटा भरवशाचा राहिला नाही की मालक धास्तावतो आणि त्या धास्तीपोटी पुष्कळदा सबंध मापकच बदलून टाकतो. वस्तुतः काटा हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा असून दोष बहुधा त्याच्या मागच्या दुव्यांत दडलेला असतो.

ही साखळी समजून घेण्यास ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही गाडी फार सोयीची आहे. तिची मापके स्मिथ्स या इंग्रज कंपनीची. १८५१ साली लंडनमध्ये घड्याळांच्या दुकानापासून आरंभ झालेल्या या पेढीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेगमापकांत हात घातला आणि पुढे ब्रिटिश मोटारींच्या तबकड्यांवर तिचे नाव झळकू लागले.

जुन्या धर्तीच्या पेट्रोल-मापकाचा काटा टाकीतील प्रत्येक हिंदकळण्यासरशी नाचत असे. १९६४ च्या सुमारास एमजीबीत त्याच्या जागी द्विधातू-मापक आले. भिन्न प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक तार, एवढाच त्याचा संसार. तारेतून वीज वाहिली की पट्टी तापून वाकते आणि काटा संथपणे सरकतो. वीज किती वाहावी हे टाकीतील सेंडर या बदलत्या रोधकाला जोडलेला तरंगता फ्लोट ठरवतो: टाकी रिकामी असता सेंडरचा रोध सुमारे २५० ओहम असतो, तर ती भरली की तो ३० ओहमच्या आसपास उतरतो. परंतु बॅटरीचा दाब कधी १२ व्होल्ट, तर गाडी धावत असता १४ व्होल्ट, असा बदलता असल्याने मापकाआधी एक स्टॅबिलायझर बसवलेला असतो. त्यातील दुसरी द्विधातू-पट्टी संपर्क सतत जोडत-तोडत सरासरी १० व्होल्ट राखते.

या रचनेतूनच तपासाचा क्रम आपोआप निघतो. पेट्रोल आणि तापमान ही दोन्ही मापके विजेवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही काटे एकदमच बिघडले, तर संशय त्यांच्या सामायिक पुरवठ्यावर घ्यावा. दोन्ही निपचित पडले असतील, तर प्रथम फ्यूज आणि मग स्टॅबिलायझर पाहावा. दोन्ही अवाजवी वर चढत असतील, तर स्टॅबिलायझरचे अर्थिंग तुटले आहे काय ते तपासावे, कारण अर्थिंगवाचून त्याची पट्टी तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि बॅटरीचा पूर्ण दाब मापकांवर येतो. नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर घेताना मात्र गाडीची ध्रुवता पाहणे अगत्याचे, कारण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असे.

एकच काटा, समजा पेट्रोलचा, बिघडला असेल, तर सेंडरची वायर सोडवून ती ३० ओहमच्या रोधामार्फत चॅसिसला जोडावी. थेट जोडू नये. मापकातील तापक तार जळण्याची भीती असते. काटा सावकाश ‘पूर्ण’ खुणेकडे गेला, तर मापक व वायर निर्दोष असून सेंडर अथवा त्याचे अर्थिंग सदोष ठरते. तो हलला नाही, तर हीच परीक्षा मापकाच्या टोकापाशी करावी. तेथे काटा चढला तर मधली वायर तुटलेली आहे, आणि तेथेही तो स्तब्ध राहिला, परंतु पुरवठा शाबूत असला, तरच मापकावर ठपका ठेवावा. टाकीच्या गंजलेल्या अर्थिंगला काचकागदाने घासणे, किंवा छिद्र पडून बुडालेला फ्लोट बदलणे, एवढ्यावर पुष्कळ तक्रारी मिटतात.

सुरुवातीच्या एमजीबीतील तापमान-मापकाला वीज लागत नाही. इंजिनातील ईथर भरलेल्या बल्बमध्ये वाढलेला दाब बारीक नळीतून येऊन यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली पेटंट घेतलेल्या वक्रनलिकेला सरळ करू पाहतो, आणि काटा फिरतो. नळी तुटली की ईथर निसटते आणि काटा थंडच्या टोकाला पडून राहतो; तेथे मल्टिमीटर निरुपयोगी आहे.

वेगमापकाचे शास्त्र निराळे. गिअरबॉक्सकडून येणारी लवचीक केबल एक चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीने धातूची वाटी स्प्रिंगविरुद्ध वळते. वेग आणि मैल दोन्ही बंद पडले, तर केबल वा तिचा गिअरबॉक्सकडील दातेरी जोड पाहावा. मैल मोजले जात असून काटाच हलत नसेल, तर दोष मापकाच्या आत आहे. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा तिला फार तीव्र वळण मिळाले आहे. ग्रीस लावताना मात्र मापकाकडील टोक कोरडे ठेवावे, अन्यथा ग्रीस चढून वाटीत शिरते. तबकडीवरील लहानसा आकडा मैलामागे केबलचे फेरे सांगतो. मागील ॲक्सलचे गुणोत्तर बदलले असल्यास तो आधी जुळवून पाहावा.

उघडलेले मापक पूर्ववत् बसवणे हे निष्णात कारागिराचेच काम आहे. म्हणून जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला एवढीच विनंती: फ्यूज, स्टॅबिलायझर, सेंडर, अर्थिंग आणि वायर यांचा तपास वरील क्रमाने पुरा केल्यावाचून मापकाच्या स्क्रूला हात लावू नये.