मुंतसिर, गुलाम अब्बास
भारतीय बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. मुंबईतील नागपाडा या दाट वस्तीच्या भागात त्यांचा खेळ घडला. जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षणशाळेत हा खेळ प्रचारात आणला. नागपाड्यातही तो त्याच संस्थेच्या मैदानावर रुजला. मुंतसिर यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार लाभला. त्या काळी भारतात बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ नव्हते. नामवंत खेळाडूंची उपजीविका रेल्वे, सेनादले, पोलीस इत्यादी खात्यांतील नोकरीवर चाले. साहजिकच खेळ सोडल्यानंतरचे प्रशिक्षणकार्य बहुधा सेवाभावी असे. मुंतसिर यांनी नागपाड्यातील मुलांना शिकवून आपले कौशल्य पुढील पिढीच्या हाती दिले.