शिक्षकांचं ऋण बाबासाहेबांनी कसं फेडलं?

५ सप्टेंबर जवळ आला की शाळा-कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांची रांग लागते. गुलाबाचं फूल, जोडलेले हात आणि खाली 'सर, तुमच्यामुळेच घडलो'. भावना खरीच असते. पण शिक्षकाने जे दिलं, त्याची परतफेड नेमकी कशी होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं विद्यार्थिजीवन पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शिक्षकांमुळे त्यांना शिकायला मोजकी वर्षं मिळाली. त्या वर्षांचं त्यांनी जे केलं, त्यात ही परतफेड दिसते.

वर्गाबाहेरचे गुरुजी

कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक आणि लेखक. बाबासाहेब त्यांच्या वर्गात नव्हते. चरित्रकार धनंजय कीर सांगतात, की चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा केळुसकरांच्या नजरेत भरला. त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तकं दिली. पुढे बाबासाहेबांच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं.

घरची परिस्थिती बेताची होती. कॉलेजचं शिक्षण अडणार असं दिसताच केळुसकरांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांच्याकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून बाबासाहेब बीए झाले.

वेळ कसा मोजून मिळाला होता?

१९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि मुदत फक्त तीन वर्षांची. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता.

या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचे वर्ग केले. १९१५ मध्ये एमए झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेच्या उगमावरचा निबंध वाचला. जातीचा प्रश्न अभ्यासाच्या शिस्तीत मांडणारं त्यांचं हे सुरुवातीचं महत्त्वाचं लेखन. त्याच वर्षी ते पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले.

पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचीही मदत झाली. १९२० मध्ये, मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना आत जायचं आणि दार बंद होताना बाहेर पडायचं, असा त्यांचा तिथला दिनक्रम कीर यांनी नोंदवला आहे. १९२३ मध्ये त्यांना डीएस्सी मिळाली.

कृतज्ञता म्हणजे 'हो ला हो' का?

इथे दोन शिक्षकांची गोष्ट महत्त्वाची आहे. लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या बाबासाहेबांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी स्पष्ट म्हटलं, की आपल्याला यातले अनेक मुद्दे पटत नाहीत. तरीही मांडणीतल्या ताजेपणाचं त्यांनी कौतुक केलं. शिष्याने गुरूशी मतभेद ठेवला आणि गुरूने तो पुस्तकाच्या पहिल्याच पानांत मान्य केला.

दुसरे शिक्षक कोलंबियातले तत्त्वज्ञ जॉन ड्युई. जुनं सगळंच्या सगळं पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं नसतं, चांगल्या भविष्यासाठी उपयोगी पडेल तेवढंच द्यायचं असतं, असा त्यांचा विचार होता. १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावर भाषण लिहिलं. मजकूर न पटल्याने आयोजकांनी परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात ड्युईंचा हा विचार आहे. ते आपले शिक्षक होते आणि आपण त्यांचे ऋणी आहोत, असा उल्लेखही आहे. अमेरिकेत ऐकलेला विचार बाबासाहेबांनी इथल्या जातिव्यवस्थेला लावून पाहिला.

राहून गेलेली भेट

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्युईंना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण ते पोहोचण्याआधीच, १ जूनला, ड्युई गेले. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य आपण त्यांना देणं लागतो, असं बाबासाहेबांनी पत्नी सविता यांना पत्रातून कळवलं. प्रत्यक्ष आभार मानायचे राहून गेले.

केळुसकर तर १९३४ मध्येच वारले होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते पाहायला ते नव्हते. मात्र त्याच वर्षी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरच्या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दादा केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाची आठवण नोंदवून ठेवली. सयाजीराव महाराजांचे आभार मात्र त्यांच्या हयातीतच मानले गेले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला.

आपण यातून काय घ्यायचं?

एक तर, मुदत ओळखायची. शिष्यवृत्तीचं वर्ष असो किंवा स्पर्धा परीक्षेसाठी घरच्यांनी दिलेली दोन वर्षं असोत, ती आपल्यासाठी कुणीतरी शब्द टाकून किंवा पोटाला चिमटा काढून मिळवलेली असतात.

दुसरं, शिकवलेलं वापरायचं. वहीत जपून ठेवलेला विचार आपल्या गावच्या, आपल्या कामाच्या प्रश्नाला लावून बघायचा. पटला नाही तर तसं सांगायचं.

तिसरं, नाव घ्यायचं. आणि शक्य असेल तर ते सर किंवा बाई ऐकायला आहेत तोवर. व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवायला हरकत नाही. पण त्यात गुलाबाच्या फुलासोबत एक ओळ वाढवा: तुम्ही शिकवलेलं अमुक एक मी अमुक ठिकाणी वापरलं.