शिट्टीनंतरचा गलका

बेंगळुरूच्या कोरमंगलात ऐंशी फुटी रस्त्याच्या आतल्या अंगाला जाळीने झाकलेलं एक टर्फ आहे. शनिवारी रात्री तिथे कंपन्यांच्या संघांचे पाच-पाच जणांचे फुटबॉल सामने रंगतात. हल्ली मी तिथे रेफ्रीवरच नजर ठेवून असतो.

आधी तो दोन्ही गोलांच्या जाळ्या ओढून बघतो, कुठे भोक नाही ना. शिट्टी गळ्यात नाही, बोटांत अडकवलेली. पाहण्यासारखी असते ती त्याची चाल. चेंडूमागे तो धावतच नाही. कडेकडेने सरकत राहतो, दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा जागी. मध्यंतरात त्याला कारण विचारलं. म्हणाला, पाठीमागून बघितलं तर पाय लागलेला दिसत नाही, माणूस पडलेला तेवढा दिसतो.

त्या रात्री चेंडू बचावपटूच्या अंगाला चिकटलेल्या हातावर आदळला. रेफ्रीने मान हलवली, खेळ चालू ठेवला. लगेच बाहेरून कानडीत ओरडा, ‘कण्णु इल्वा?’ डोळे नाहीत का! चेंडू बाहेर गेला तसे चौघे-पाच जण त्याच्याभोवती गोळा झाले. आईवरून शिव्या सुरू झाल्या. एकाने मोबाइल थेट त्याच्या नाकासमोर धरला, ‘सर, व्हिडिओ है, देखो!’ त्याने बघितलं नाही. आणि ते बरोबरच होतं. प्रेक्षकाच्या मोबाइलवर निर्णय बदलायची मुभा फुटबॉलचे नियम देत नाहीत. त्याने फक्त कप्तानाला पुढे बोलावलं, बाकीच्यांना हाताने मागे सारलं आणि शिवी देणाऱ्या अकरा नंबरला लाल कार्ड दाखवलं.

व्हिडिओ आला की हे सगळं थांबेल, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मला तसं वाटत नाही. याच शहरात कंठीरवा स्टेडियमवर ३ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स भिडले होते. जादा वेळेत केरळची भिंत उभी राहत असतानाच सुनील छेत्रीने झटकन फ्री-किक मारली. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला आणि केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर काढला. पुढे क्लबला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी यंत्रणा, असतं तर, असं तेव्हा जो तो म्हणत होता. पण चेंडू जाळ्यात गेला याबद्दल वाद नव्हताच. शिट्टीसाठी थांबायचं होतं की नाही, हा वाद होता. तेव्हाच्या नियमांप्रमाणे व्हीएआर बघायचं ते गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. फ्री-किक किती घाईने घ्यावी, हे त्यात येत नव्हतं.

तुर्कस्तानच्या वरच्या लीगमध्ये तर २०१८ पासून व्हीएआर आहे. तरी ११ डिसेंबर २०२३ रोजी अंकारागुजू क्लबच्या अध्यक्षाने सामना संपल्यावर मैदानात शिरून हलील उमुत मेलेर या रेफ्रीच्या तोंडावर ठोसा मारला. खाली पडलेल्या माणसाला वर लाथाही बसल्या. देशभरातले सामने थांबवावे लागले.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींचा सामना बघितलेल्याला गर्दीची रग सांगायला नको. ती रग मला प्रिय आहे. पण तिथे निदान पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते. कोरमंगलातल्या या सामन्यात फार तर एक चषक होता, आणि शिव्या तितक्याच घाण होत्या.

सामन्यानंतर रेफ्री बाकावर बसून अहवाल लिहू लागला: मिनिट, शर्टाचा नंबर, आणि शिवी जशीच्या तशी. आयोजक जवळ येऊन म्हणाला, ‘छोड़ो ना सर, कस्टमर हैं.’ हे ऐकून मला सर्वांत जास्त राग आला. खेळणारा पैसे भरतो म्हणून शिट्टीवाल्याने आईवरची शिवी गिळायची?

इंग्लंडच्या स्थानिक फुटबॉलमध्ये २०१९ पासून रेफ्रीशी हुज्जत घातली की १० मिनिटं बाहेर बसावं लागतं. टर्फवाल्यांनी हे उद्यापासून करावं. त्याला कॅमेरा लागत नाही. पाचांच्या संघाला १० मिनिटं चौघांत काढायची म्हटली, की तोंड सोडणाऱ्याला आधी त्याचेच सोबती आवरतील.