तलावाचा वास काय सांगतो?

तरणतलावाजवळ गेलं की एक उग्र वास नाकाला झोंबतो. ‘क्लोरीन भरपूर टाकलाय, म्हणजे पाणी स्वच्छ असणार,’ असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो वास बहुधा याच्या उलट सांगत असतो. कसं ते पाहू.

कर्जतला उल्हास नदीत किंवा खोपोलीला पाताळगंगेत कुणी डुंबलं, तर त्याच्या अंगावरचा घाम-मळ प्रवाहाबरोबर पुढं जातो. (तो पुढच्या गावाच्या वाट्याला येतो, ही गोष्ट वेगळी!) आता या दोन्ही तालुक्यांत फार्महाउसचे तलाव झाले आहेत. खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिकाचं जलउद्यानही २०१४ साली सुरू झालं. अशा ठिकाणचं पाणी वाहून जात नाही. पंप ते खेचतो, गाळणयंत्रातून पाठवतो आणि पुन्हा तलावात सोडतो. गाळणीत पालापाचोळा, माती अडकते. विरघळलेला घाम किंवा लघवी अडकत नाही. सकाळी उतरलेल्यांनी मागं ठेवलेलं बरंचसं दुपारी उतरणाऱ्यांना भेटतं.

मग क्लोरीन काय करतो? पाण्यात मिसळल्यावर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. तेच जंतूंना मारतं. पण ते जंतू शोधत हिंडत नाही; घाम, तेल, पावडर, जे समोर येईल त्याच्याशी त्याची अभिक्रिया होते. घाम आणि लघवी यांतल्या अमोनिया व युरियाशी संयोग होऊन क्लोरामाइनं बनतात. त्यांची जंतू मारण्याची ताकद फार कमी असते. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन सहज हवेत येतं. तो झोंबणारा वास, डोळ्यांची चुरचुर आणि खोकला मुख्यतः त्याच्यामुळं. म्हणजे उग्र वास आला, तर कामाचा क्लोरीन मळाशी झुंजण्यात खर्ची पडतोय असं समजावं.

हे शाळेत पाहता येईल. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर पुरेशी पडली का, हे गावोगावी ओटी चाचणीनं तपासतात. आरोग्यसेवकांना किंवा जलसुरक्षकांना वर्गात बोलवा. दोन पेल्यांत एकाच नळाचं क्लोरीनयुक्त पाणी घ्या. मैदानावरून खेळून आलेल्या मुलाला एका पेल्यात मिनिटभर बोटं बुडवायला सांगा. मग पाहुण्यांना दोन्ही पाणी तपासू द्या. पिवळा रंग कुठं गडद, कुठं फिका? रंग लगेच पाहायचा, कारण क्लोरामाइनंही सावकाश रंग देतात. ओटीचं द्रावण विषारी असतं. मुलांनी त्याला हात लावू नये, तपासलेलं पाणी पिऊ नये.

क्लोरीन पुरेसा असला तरी सगळे जंतू एकदम मरत नाहीत. लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असेल, तर ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो. काविळीच्या ‘अ’ विषाणूला सुमारे १६ मिनिटं लागतात, जिआर्डियाला ४५ मिनिटं. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम तर दहा दिवस तग धरतो! पोहताना लहान मुलांच्या तोंडात पाणी जातंच. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलानं पाण्यात उतरू नये. त्याला सहलीला न्यावं, पण काठावर बसवावं.

बाकीच्यांसाठी उपाय सोपा आहे. आधी लघवीला जाऊन यायचं, मग शॉवरखाली किमान मिनिटभर सर्वांग चोळून धुवायचं. तेल-पावडर लावून उतरायचं नाही. रोजचे सुती कपडे घाम आणि धूळ पाण्यात नेतात, म्हणून पोहण्याचाच पोशाख घालायचा.

अडचण येते ती वेळेची. गाडी थांबली की मुलं थेट पाण्याकडं धावतात. म्हणून सहलीच्या वेळापत्रकातच अंघोळीसाठी वीस मिनिटं राखून ठेवू आणि पहिल्यांदा आपण शिक्षक शॉवरखाली उभे राहू. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात यायचं, हे आपल्याकडं मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. तलावही तसाच, फक्त हे घर शे-दोनशे जणांचं आहे.