ऐकून घेण्याचं शिक्षण

आमच्या चकलांब्यात नवरा-बायकोचं बिनसलं की चार वडीलधारी माणसं बसतात. ऊसतोडीला निघायच्या आत मिटवायची घाई असते. कारण मुकादमाच्या हिशेबात जोडपं म्हणजे एक कोयता. ‘जमवून घे पोरी’ म्हणून बैठक उठते. पोरीचं म्हणणं राहूनच जातं.

ऐकून घेणं हीसुद्धा शिकायची विद्या आहे. पदवीधरांना समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था १९३६ साली मुंबईत निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी. पुढं १९५५ मध्ये ख्रिस्ती भगिनींनी निर्मला निकेतन काढलं. अशा शिक्षणात वर्गाबरोबर वस्तीतलं कामही असतं. दोघांचं वेगवेगळं ऐकायचं, निवाडा करायचा नाही, गुपित फोडायचं नाही. मारहाण असेल तर तडजोडीआधी बाईची सुरक्षितता पाहायची. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं कोर्टातही समुपदेशकाला जागा दिली. कॅथलिक चर्च तर लग्नाआधीच वधूवरांचे वर्ग घेतं.

आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीला ‘कबूल?’ असं विचारतात. त्यानंतर मात्र तिला कुणी काही विचारत नाही. गावच्या बैठकीत, मग ती कुठल्याही धर्माच्या घरची असो, असं विचारायला शिकलेलं एक माणूस बसायला हवं.